तीनतालात मोजलेली वीज

विजेचे बिल हा काही या पानावरचा विषय नव्हे, असे वाचक म्हणतील. येथे बंदिशींविषयी लिहावे, मैफलींविषयी लिहावे, फार तर एखाद्या मोडकळीस आलेल्या वाड्याविषयी हळहळावे. पंख्याचे वॉट आणि गिझरचा तांबडा दिवा यांचा येथे काय संबंध? परंतु आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून सध्या जे मोडत आहे ते पुष्कळदा या बिलापाशीच मोडते, असे मला दिसते. दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील वाडे विकून मंडळी शहराबाहेर फ्लॅटांत जातात. कारण विचारले म्हणजे आधी मोटार ठेवायला जागा नाही, वानरांचा उपद्रव आहे, जिना चढवत नाही, असे सांगतात. आणि थोडे अधिक बसून चहा झाला म्हणजे मग खरे वाक्य निघते, की उन्हाळ्यात घरात राहवत नाही आणि एसी लावावेत तर बिल झेपत नाही.

आमच्याही घरात ते निघाले. माझे वडील, आमचे अण्णा, १९४५ साली वयाच्या सतराव्या वर्षी संस्थानच्या कलावंत कारखान्यात सतारिये म्हणून लागले. दरबारात फैयाजखाँसाहेब असतानाचा तो काळ. चारच वर्षांनी, १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी नोकरीचा दिमाख संपला. अण्णांनी आमच्या वाड्याच्या माडीवर शिकवण्या सुरू केल्या आणि अखेरपर्यंत त्या चालविल्या. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. तीच माडी आज माझा गायनाचा वर्ग आहे. मुले येतात ती कारकुनांची, शिक्षकांची, दुकानांतून नोकरी करणाऱ्यांची. त्यांची फी वाढविणे मला जमण्यासारखे नाही. गेल्या वर्षी एप्रिल-मे या दोन महिन्यांचे बिल १,२६४ युनिटांचे आले, तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, एक तर वर्गात एसी लावून फी वाढव, नाही तर उन्हाळाभर वर्ग बंद ठेव, नाही तर हे घर विकून भायलीकडे चला.’’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि हिशेबाचा पक्का आहे. बिलाचा अर्धा वाटाही तोच देतो.

मला हिशेब तितका येत नाही. कान मात्र बरे आहेत, आणि मोजण्याचे काम कानापासूनच सुरू झाले. वर्गात दोन जुन्या ट्यूब होत्या, लोखंडी चोकच्या. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात चोकचे लोखंड दोनदा ओढले जाते. म्हणजे त्याची घुणघुण सेकंदाला शंभर कंपनांची. खर्जातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णव कंपनांची असते. माझ्या काही विद्यार्थिनी पांढरी पाचमध्येच गातात. म्हणजे तंबोऱ्याचा एक षड्ज आणि ट्यूबचा त्याहून जरा चढा दुसरा षड्ज, असे दोन षड्ज माडीवर एकाच वेळी नांदत होते, आणि मुली त्यांतल्या कोणत्याला लागाव्यात हे त्यांनाही कळत नसे. ही घुणघुण म्हणजे फुकट जाणारी वीज. चाळीस वॉटची म्हणून लावलेली ट्यूब चोकसकट बावन्न-पंचावन्न वॉट खाते. तितकाच उजेड देणारी एलईडीची ट्यूब अठरा-वीस वॉटवर चालते. ट्यूब बदलल्या त्या दिवशी वर्गातला तंबोरा निराळा वाटला, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

मात्र कानाने सगळेच कळत नाही. फ्रिज आवाज करतो तरी तो किती खातो हे त्याच्या आवाजावरून कळणार नाही. आणि टीव्हीखालचा तो काळा डबा तर अगदी मुका. त्यासाठी मीटर पाहावा लागतो. पूर्वीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे, तिच्या काठावर एक खूण असे, आणि लहानपणी ती खूण परत येईपर्यंत टाळ्या मोजण्याचा खेळ आम्ही दोघे भाऊ खेळत असू. हल्लीच्या मीटरांत चकती नाही, त्याऐवजी एक बारीक तांबडा दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. २०२४ च्या मे महिन्यात स्मार्ट मीटरांवरून आपल्या शहरात केवढी ओरड झाली ते वाचकांस आठवत असेल. त्या वादात मी शिरत नाही; पण त्या गडबडीत पुष्कळ लोकांनी आयुष्यात प्रथमच आपला मीटर जवळून पाहिला, एवढे बरे झाले. स्मार्ट मीटरलाही असा दिवा असतोच.

आता गणित पाहा. एका युनिटला ३२०० लुकलुकी, तर सोळा लुकलुकींना युनिटाचा दोनशेवा हिस्सा. सोळा म्हणताच तीनताल आठवला नाही तर तो गवई कसला! एका समेपासून पुढच्या समेपर्यंत एक आवर्तन व्हायला जितके सेकंद लागतील, त्यांनी १८,००० या आकड्याला भागावे. येईल ते वॉट. आवर्तनाला एक मिनिट लागले तर घर ३०० वॉट खात आहे. बारा सेकंद लागले तर १,५००. मोजताना एकच जपावे. पहिली लुकलुकी ही सम धरली तर पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे सतरावी लुकलुकी, येईपर्यंत घड्याळ थांबवायचे नाही. नुसत्या सोळा लुकलुकी मोजणारा पंधराच मात्रांचा ताल वाजवितो. तबला शिकणाऱ्या मुलांना हे सांगावे लागले नाही, माझ्या भावाला सांगावे लागले.

एका रविवारी आम्ही सगळे घर असे मोजले. एक मुलगा ओसरीवर मीटरपाशी ‘धा धिं धिं धा’ म्हणत बसला, भाऊ घड्याळ घेऊन, आणि मी आत एकेक वस्तू चालू-बंद करीत हिंडलो. एका वेळी एकच वस्तू चालू. गिझरला आवर्तन नऊ सेकंदांत संपले, म्हणजे २,००० वॉट, अगदी द्रुत. इस्त्री अठरा सेकंद. भावाच्या खोलीतला एसी बारा. जुना पंखा पूर्ण वेगावर लावला तर एका आवर्तनाला चार मिनिटे. इतकी विलंबित लय की ठेका धरणारा मुलगा कंटाळून गेला. पंच्याहत्तर वॉट म्हणजे काहीच नाही, असे त्या वेळी सर्वांना वाटले. परंतु गिझर दिवसाकाठी वीस मिनिटे चालतो आणि पंखा बारा तास. म्हणजे गिझरचे पाऊण युनिट देखील होत नाही तो पंख्याचे नऊ-दशांश होऊन जाते. आमच्या घरात असे नऊ पंखे आहेत. लय आणि आवर्तनांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गवयाला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही घरात मात्र द्रुत चालणारी वस्तूच आपल्याला उधळी वाटते.

शेवटी सगळे बटण बंद करून पाहिले. फ्रिज सुद्धा काढला. दिवा थांबायला हवा होता. तो एक्कावन्न सेकंदांनी एकदा लुकलुकला, पुन्हा एक्कावन्न सेकंदांनी एकदा. सुमारे बावीस वॉट. शोध घेतला तेव्हा टीव्हीच्या खालचा डबा, इंटरनेटचा डबा आणि माझ्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा खिळ्याला लटकत राहिलेला ॲडॅप्टर अशी मंडळी सापडली. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो डबा जागाच असतो. बावीस वॉट अहोरात्र म्हणजे दोन महिन्यांच्या एका बिलात बत्तीस युनिटे. कोणी पाहत नाही, कोणी ऐकत नाही, आणि पैसे जातात. आता त्या सर्वांना एकच बटण आहे आणि रात्री निजताना ते बंद करण्याचे काम आईने आपणहून स्वीकारले आहे. (जुन्या घरांत, जेथे अजून लाकडी पट्टीतले वायरिंग आहे, तेथे सर्व वस्तू खरोखर काढून घेतल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवावे. तो खर्चाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.)

पंख्यांचे आम्ही असे केले, की जे चार सर्वांत अधिक फिरतात तेवढेच बदलले. ज्यांना बीएलडीसी म्हणतात ते नवे पंखे तीस वॉटच्या आसपास चालतात. बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे दोन महिन्यांत बत्तीस युनिटे वाचतात. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. आमच्या बिलात वरच्या पायरीचे युनिट अधिभार आणि शुल्क धरून आठ रुपयांच्या पुढेच पडते, तेव्हा दोन-अडीच वर्षांत पैसे फिटतात. उरलेल्या पंख्यांचे रेग्युलेटर पाहिले. तो जुना मोठा डबा, जो हात लावला तर कोमट लागतो, तो पंखा हळू करतो पण वीज वाचवीत नाही. वाचलेली वीज तो स्वतःच तापण्यात घालवितो. नवा लहान रेग्युलेटर वाचवितो. मात्र त्यातही दोन जाती आहेत. अखंड फिरणाऱ्या बटणाच्या जातीचा असला तर कमी वेगावर पंखा घुमू लागतो, आणि टप्प्याटप्प्याने फिरणारा, आत कपॅसिटर असलेला घेतला तर घुमत नाही. वर्गासाठी घेताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगावे. तो हसतो, पण देतो.

आता एसीविषयी. वर्गात तो लावू नये असे माझे मत बिल पाहण्यापूर्वीही होते आणि त्याचे कारण वाद्ये हे आहे. गार हवेत पोलादी तार आखडते आणि स्वर चढतो. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाऊन तोही चढतो. आणि तासाने मुले दार उघडून गेली की सगळे पुन्हा उतरते. भोपळ्याला आणि लाकडाला ही रोजची चढउतार मानवत नाही. पण आई ऐंशीच्या घरात आहे, आणि तिच्या खोलीत एसी आहे, आणि तो उन्हाळ्यात चालतो. काटकसरीच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ लोक घरातील म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटकसर करतात, ते मला पसंत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्म्याने केवढी माणसे नेली! त्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्म्यापासून बचावाची योजना आखली, आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही तिच्यात आले. आम्ही एसी तसाच ठेवला, फक्त सव्वीसवर ठेवून सोबत पंखा हळू लावतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. भाऊ आपल्या खोलीत अठरावर ठेवून दुलई घेत असे. त्याला मी काही बोललो नाही. सव्वीसवर खोली गार झाल्यानंतरचे आवर्तन त्याने स्वतःच मोजले.

आईची खोली अगाशीच्या खाली आहे. मार्चमध्ये अगाशी झाडून तिच्यावर सरस घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. दुपारी अनवाणी उभे राहता येत नसे तेथे आता राहता येते, आणि खोलीत रात्री नऊनंतरही जो छतातून भपका उतरत असे तो उतरत नाही. चुन्याला लागलेला खर्च एका मोठ्या बिलाच्या शतांशातही आला नसेल.

या सगळ्यांहून मोठी गोष्ट मात्र चौकाची. आपले बडोद्याचे जुने घर रस्त्यावर अरुंद आणि आत लांब असते, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून बाजूने खिडकी नाही. हवा यायची ती पुढच्या दाराने आणि जायची ती मधल्या चौकातून वर. दुपारी चौकावरची हवा तापून वर उठते आणि रस्त्याकडची, सावलीतली हवा ओसरीवरून आत ओढून घेते. घर जणू श्वास घेते. वानरांच्या त्रासाने आणि पावसाच्या झडीने कंटाळून घरोघर हे चौक पत्र्यांनी झाकले गेले. आमचाही अण्णांच्या हयातीतच झाकला गेला होता. त्या दिवसापासून माजघरात भर दुपारी दिवा लागू लागला, आणि तापलेली हवा वर पत्र्याखाली कोंडून माडीवर, म्हणजे माझ्या वर्गावर, उतरू लागली. सगळे पत्रे काढणे शक्य नव्हते. वानरे अजून आहेत, पाऊसही आहे. मिस्त्रीने लोखंडी नळ्या घालून पत्रे दीड हात वर उचलले आणि चारी बाजूंच्या फटीला जाळी ठोकली. पाऊस येत नाही, वानर येत नाही, हवा जाते आणि कडेने उजेड येतो. पहिल्या दिवशी माडीच्या दाराशी धरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ चौकाकडे वळून वर निघून गेला, तेव्हा आई म्हणाली, ‘‘असाच जायचा पूर्वी.’’ एप्रिलच्या कोरड्या दिवसांत ओसरीच्या दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारले म्हणजे माडीपर्यंत त्याचा वास येतो. जुलै-ऑगस्टात याचा उपयोग नाही. दमट हवेत पाणी उडतच नाही, मग पडदा असो की कूलर. त्या दिवसांत पंख्यावरच भागवावे लागते. वर्गाची वेळही बदलली, पण ती बिलासाठी नव्हे. एप्रिल-मेमध्ये आता मुले सकाळी सहाला येतात, आणि तोडी संध्याकाळच्या बॅचला शिकविण्याचे पाप टळते.

स्वयंपाकघराविषयी मी फारसे बोलू नये, आणि सौभाग्यवतींनी तशी ताकीदही दिली आहे. तुरीची डाळ तासभर भिजत घालावी, कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकावर एक लावावेत, शिट्टी धरली की आच बारीक करावी. उकळत्या पाण्याखाली आच कितीही मोठी केली तरी पाणी उकळण्यापलीकडे तापत नाही, वाफच तेवढी अधिक होते. हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे आणि निम्म्या घरांतून विसरले जाते. फ्रिज मात्र आम्ही गॅसच्या शेगडीजवळून हलविला, आणि त्याच्या दारात कागदाचा कपटा धरून पाहिला. दार लावल्यावर कपटा सहज ओढून निघाला, म्हणजे रबर गेलेले. रबर बदलल्यावर त्याचे घुरघुरणे कमी वेळा ऐकू येते. टाकीच्या पंपाचे सांगायचे तर सगळ्या पोळीत रोज सकाळी कोणाची तरी टाकी भरून वाहत असते. एका बाजूने पाणी जाते आणि दुसऱ्या बाजूने वीज.

सौर वीज आपल्या गुजराथेत घरोघर दिसू लागली आहे, आणि ज्यांना मोकळी अगाशी आहे त्यांनी जरूर विचार करावा. एका किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिटे मिळतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटपासून पुढे ७८,००० रुपयांचे साह्य ठरले. आमच्याकडे ते होण्यासारखे नाही. शेजारची तीन मजली इमारत दुपारी दोनलाच सावली टाकते, आणि घर अद्याप पणजोबांच्या नावावर आहे. सह्या घ्यायच्या तर पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत अकरा चुलत भावंडे गाठावी लागतील. जुन्या घरांतील किती सौर पट्ट्या अशा वारसाहक्कात अडकल्या असतील याचा कोणी हिशेब केला तर तो वाचायला मला आवडेल.

बिलाविषयी एक गोष्ट भावाने मला समजावून दिली, ती सांगण्यासारखी आहे. घरगुती दर पायऱ्यांचे असतात. महिन्याची पहिली पन्नास युनिटे सर्वांत स्वस्त, पुढली पन्नास जरा महाग, नंतरची दीडशे आणखी, आणि अडीचशेच्या वरची सर्वांत महाग. आपण जे युनिट वाचवितो ते नेहमी वरच्या पायरीवरचे असते. म्हणून मोठ्या एकत्र कुटुंबात युनिटे तिसऱ्या हिश्शाने उतरली तर रुपये त्याहून थोडे अधिकच उतरतात. यंदा एप्रिल-मेचे बिल ८७१ युनिटांचे आले. भाऊ ते हातात घेऊन बराच वेळ ओसरीवर बसला होता. भायलीचे नाव त्याने काढले नाही. दिवाळीनंतर पाहू, एवढेच म्हणाला. उन्हाळाभर वर्ग चालला, फी आहे तीच आहे.

हे ऐकून समोरच्या काकूंनी आपलेही घर मोजून मागितले आहे. येत्या रविवारी मुले तेथे जाणार आहेत. त्यांच्या मीटरवर आकडा १६०० आहे, तेव्हा सोळा नव्हे, आठच मात्रा मोजल्या म्हणजे १८,००० चे गणित जसेच्या तसे लागू पडते. केरवा धरायचा आहे म्हणून तबल्याची धाकटी मुले खूश आहेत.